कानामागच्या गाठी

झाशी, ९ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र हॉस्टेलच्या पत्त्यावर पोचलं. गेटवरचे भैया पाकीट उलटसुलट करत म्हणाले, "आजकल भी कोई चिट्ठी लिखता है, मैडम?" मी पाकीट त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर बघत होते.

बरं, मी फोन करणार नाही. मागून घराचे आवाज येतात, ते सोसत नाहीत, असं लिहिलंस ते कळलं. मराठीतच लिही असंही बजावलंयस. लिहिते, पण माझं मराठी म्हणजे आईचं ऐकून झालेलं. वेलांट्या तूच दुरुस्त कर.

तर मी मावशी होणार! तिसरा महिना लागलाय हे वाचून मी खाटेवर उडीच मारली. मग उतरून लगेच हा कागद ओढला. का ते सांगते, आणि शेवटपर्यंत वाच.

आमच्या उषा मॅडमनी मला एक काम दिलंय. आमच्याच मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना रुबेलाच्या लसीबद्दल काय ठाऊक आहे, काय वाटतं, ते विचारायचं. आपल्या घरी मंदारसारखा भाऊ आहे हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. मॅडमनी विषय काढला तेव्हा मान हलवली आणि कागद घेऊन आले.

सगळ्यांना पाठ आहे गं. गरोदरपणी आईला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाला छिद्र. झोपेत विचारलं तरी सांगतील. पण "तुम्ही स्वतः लस घेतली आहे का?" या प्रश्नापाशी पेनं थांबतात. माझी रूममेट श्रेया म्हणाली, "यार, मम्मी को पता होगा." ऋतुराज म्हणून एक आहे वर्गात, त्याने ठळक लिहिलं, "ये लड़कियों का मामला है." कुणी लिहिलं, तीन दिवसांत आपोआप जातं, त्याचा एवढा बाऊ कशाला. माझा स्वतःचा कागदही तिथेच कोरा राहिला. शाळेत मोहीम आली होती तेव्हा पंधरा वर्षांपर्यंतच्यांनाच लस होती. मी नुकतीच सोळाची झालेले. सुई चुकली म्हणून उड्या मारत रांगेतून बाहेर आले होते.

परवा डोळ्यांच्या ओपीडीत मऊरानीपूरकडची एक बाई आली. मांडीवर चार महिन्यांचा मुलगा. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी. मी त्याच्या कानाजवळ टाळी वाजवली. पापणी हलली नाही. बाई सारखी म्हणत होती, "हमें तौ कछू नईं भओ तो, बिटिया. कछू नईं भओ तो." आम्हाला काही झालंच नव्हतं. बाळाने तोंड माझ्याकडे वळवलं तेव्हा मला वाटलं, मी आपला तो फडताळातला फोटो बघतेय. मंदारचा, दुपट्यातला. हेच ओठ, हेच कपाळ. मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर आले.

आपल्या घरी तर या दुखण्याला नावच नाही. "पाहुणी येऊन गेली" एवढंच. आणि ती पाहुणी शाळेतून तू घरी आणलीस, पाच वर्षांची असताना, आईला दिवस असताना, हे अलकनंदा आत्या सगळ्यांना सांगत आली. तुला बघायला आलेल्या लोकांसमोरही तेच बोलली. बाबा खाली मान घालून सुपारी कातरत बसले. तू चप्पल घालून निघालीस.

आत्या आता राहिली नाही, ते तुला कळलं असेलच. मला तिची बाजू घ्यायची नाही. पण ताई, आत्या खरं बोलली असेल तर आज तू सगळ्यांत सुरक्षित आहेस. एकदा झालेलं हे दुखणं सहसा परत होत नाही. आणि ती खोटं बोलली असेल तर?

रक्त तपासून घे. रुबेला आयजीजी म्हण, तुझ्या डॉक्टरबाई समजतील. उद्याच जा.

नीरजा


झाशी, १८ फेब्रुवारी

ताई,

रक्त दिलंस, बरं केलंस. होळीला येते म्हणालीस, ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. आधी मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्ही इतक्या विचित्र आहेत की कुठून सुरुवात करू कळत नाही.

रविवारी सकाळी मी घरी गेले. अंग कोमट होतं, डोळे चुरचुरत होते, बाकी काही नाही. मंदार नेहमीसारखा फ्रिजला तळहात लावून बसला होता. आता पंचविशीचा होईल, तरी त्याला फ्रिजची थरथर तेवढीच आवडते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्याला उजेड आणि सावल्या यापलीकडे दिसत नाही, तुला माहीत आहे. कुणी आलं की चेहऱ्यावरून बोटं फिरवतो आणि मग खूण करतो. माझी खूण म्हणजे हनुवटीवर टिचकी, तीळ आहे म्हणून. तुझी, दोन वेण्या ओढल्यासारखं.

मी त्याच्यासमोर बसले. त्याने कपाळ चाचपलं, गाल चाचपले. बोटं कानामागे गेली आणि तिथेच थांबली. पुन्हा गालावर आली, पुन्हा कानामागे. मग त्याने हात काढून घेतला, सरळ बसला आणि मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

आपल्याकडे तो पाहुण्यांना करतो तसा.

मी हसले. त्याचा हात धरून हनुवटीवर ठेवला, तीळ दाखवला. त्याने हात सोडवला. पुन्हा नमस्कार. आई कणीक मळता मळता बघत होती. तिच्या हातातला गोळा परातीत पडला. म्हणाली, "असं कधी केलं नाही गं त्याने. घरच्या माणसाला कधी नाही."

मी वर जाऊन पडले. दुपारी जाग आली ती आईच्या आवाजाने. मंदार बाहेरच्या दाराला तळहात लावून उभा होता आणि दुसऱ्या हाताने वेण्यांची खूण करत होता. दाराकडे बोट, मग वेण्या. दाराकडे बोट, मग वेण्या. हसत होता. आईने दार उघडलं. गल्लीत कुणी नव्हतं. ऊन, एक गाय, समोरच्या शर्माजींचं बंद शटर. आईने त्याला आत ओढलं, तर तो परत दाराशी. आई पदरात तोंड घालून रडायला लागली. म्हणाली, "निवीचं काही बरंवाईट तर नाही ना झालं? हा असा का करतोय?"

मी समोर बसलेली असून त्याच्यासाठी पाहुणी, आणि तू पाचशे किलोमीटर दूर असून त्याच्यासाठी दारात. मी डॉक्टर होणारी मुलगी आहे, तरी सांगते, मला त्या दाराकडे बघवेना.

आता दुसरी गोष्ट. काल हॉस्टेलवर केस विंचरताना कानामागे हात गेला. गाठी होत्या. वाटाण्याएवढ्या, दोन्हीकडे, हलक्याशा दुखऱ्या. मंदारची बोटं तिथेच थांबली होती. श्रेयाला दाखवल्या. तिने माझ्या चाचपल्या आणि नकळत स्वतःच्या कानामागे हात नेला. मग माझ्याकडे बघत राहिली.

"मुझे भी हैं," म्हणाली.

आम्ही कॉमन रूममध्ये गेलो. दुपारचे क्लास नव्हते, मुली टीव्ही बघत होत्या. श्रेयाने टीव्ही बंद केला आणि फक्त एवढंच म्हणाली, "सब अपने कान के पीछे हाथ लगाओ." मुली हसल्या. मग एकेक हात वर गेला. एकेक हसणं थांबलं. सगळ्या मुली दोन्ही हात कानामागे नेऊन बसलेल्या, एकमेकींकडे बघतायत. "मुझे भी." "मुझे भी." कोपऱ्यातून, खिडकीपासून, मागून. कुणाला ताप नव्हता. कुणाला काही झालं नव्हतं.

आणि ताई, गेला आठवडाभर आम्हा सगळ्यांची ड्यूटी गरोदर बायकांच्या ओपीडीत होती. रोज सकाळपासून त्यांच्या पोटांवर हात ठेवत होतो.

उषा मॅडमना सांगितलंय. आमचं रक्त घेतलं. तुझा रिपोर्ट कधी येणार?

नीरजा


झाशी, २२ फेब्रुवारी

ताई,

येऊ नकोस.

पत्राची वाट बघत बसणं शक्य नव्हतं, म्हणून काल मी तुला दिलेला शब्द मोडून जीजाजींना फोन लावला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. फार आनंदात होते. "रिपोर्ट आलाय, निगेटिव्ह आहे! काही नाही म्हणजे, सगळं ठीक!" मला त्यांना सांगावं लागलं की इथे निगेटिव्ह म्हणजे ठीक नाही. निगेटिव्ह म्हणजे तिच्या रक्तात या रोगाशी लढणारं काहीच नाही. त्यांनी रिपोर्ट मला पुन्हा वाचून दाखवला. मग म्हणाले, "मी तिला काय सांगू?"

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, म्हणजे मला आत्ता रुबेला झालाय. बुधवारी पुरळ उठलं, इतकं बारीक की माझ्या सावळ्या रंगावर दिसतही नव्हतं, हाताला मात्र रव्यासारखं लागत होतं. आता गेलंसुद्धा. मला काही होणार नाही. पण तू झाशीत पाऊल टाकू नकोस. घरात नको, हॉस्टेलवर नको, स्टेशनवरही नको. गरोदरपणी लस देता येत नाही. त्यामुळे आत्ता तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, लांब राहणं. सहा वर्षं आम्ही सगळे तू यावीस म्हणून झुरलो, आणि तू येते म्हणालीस तेव्हा मीच तुला येऊ नको म्हणतेय.

पण थांब. या रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट आहे. मला ती कळायला रात्र जावी लागली.

तुझ्या रक्तात काही नाही. हे दुखणं होऊन गेलं की त्याची खूण रक्तात बहुतेक जन्मभर राहते. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "क्वचित पुसली जाते, पण जास्त करून अर्थ एकच. उसे कभी हुआ ही नहीं."

ताई, तुला कधी झालंच नव्हतं.

मी आज सकाळी मास्क लावून घरी गेले, अंगणातच थांबले आणि आईला बाहेर बोलावलं. तिला रिपोर्टचं सांगितलं. म्हटलं, "आई, मंदारच्या वेळी ताईला काय झालं होतं? नीट आठवून सांग."

ती तुळशीच्या कट्ट्याला टेकली. म्हणाली, "घामोळं."

"काय?"

"घामोळं होतं गं ते. मे महिना होता. पाठीवर, मानेवर. मी मुलतानी माती लावली आणि दोन दिवसांत गेलं."

"मग आत्या का म्हणायची?"

"तिने ते पुरळ पाहिलं होतं ना." आई माझ्याकडे बघत नव्हती. "मंदार झाला, डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला पुरळ आलं होतं का. आत्या म्हणाल्या, हो, पोरीला आलं होतं. मी पलंगावर होते. टाके दुखत होते."

"पण आलं कुणाला होतं, आई? कुणाला तरी आलंच असेल."

ती तुळशीची वाळकी पानं खुडायला लागली. मग हळूच म्हणाली, "तुझे बाबा भुसावळहून ट्रेनिंग करून आले होते. अंग कोमट, गळ्यावर दाणे. आत्यांनीच कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली त्यांना. तिसऱ्या दिवशी रेल्वेच्या वर्कशॉपला कामावर गेले. त्यांना काही झालं नव्हतं."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कमावत्या पुरुषाचं नाव कोण घेतं, नीरू? पोरीचं घेतलेलं सगळ्यांना सोपं गेलं. मला वाटलं, पोर आहे, विसरेल."

खिडकीत बाबा होते. पडदा हलला तेव्हा दिसले. किती वेळ उभे होते, माहीत नाही.

मी तुला हे फोनवर सांगू शकले असते. पण तू हे वाचावंस, पुन्हा पुन्हा वाचावंस असं वाटलं.

नीरजा


झाशी, ९ मार्च

ताई,

तुझं पत्र मी उभ्यानेच दोनदा वाचलं. म्हणजे तू खरंच आली होतीस.

त्या रविवारी जीजाजींना ग्वाल्हेरला काम, तुला राहवलं नाही, मधेच झाशीला उतरलीस, इलाइट चौकातून ऑटो केलीस आणि दतिया गेटपाशी सोडून चालत गल्लीत आलीस. मंदार दारात एकटा होता. त्याने तुझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, वेण्यांची खूण केली, आणि तेवढ्यात आतून बाबांचा खोकला ऐकून तू दार ओढून घेतलंस आणि मागे फिरलीस. आईने दार उघडलं तेव्हा तू कोपऱ्यावरच्या दुकानाआड उभी होतीस. आईला बघत होतीस.

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तो खरं सांगत होता." मग मंदारजवळ जाऊन बसली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या चेहऱ्यावर ठेवून घेतले. तो तिला हसून ओळखत राहिला, परत परत.

आता घाबरू नकोस, मी सांगते ते शांतपणे वाच. त्या वेळी मी वरच्या खोलीत झोपलेले होते. तू घरात आली नाहीस. मंदारकडून तुला काही होणार नाही, त्याचं ते केव्हाच संपलंय. तरी त्या दिवशी सकाळी त्याने माझा चेहरा चाचपला होता आणि दुपारी त्याच हातांनी तुझा. शिंकेतून, खोकल्यातून पसरतं, हातांवर फारसं टिकत नाही. पुस्तकात असंच आहे. पण पुस्तकावर विसंबून मी झोपू शकत नाही. तुझं रक्त परत तपासायचं, आणि काही आठवड्यांनी आणखी एकदा. तोवर रोज सकाळी कानामागे हात लावून बघ. काही लागलं तर लगेच फोन कर. घराचे आवाज आले तर येऊ देत.

इकडे आम्ही त्या ओपीडीतल्या बायकांना शोधून परत बोलावतोय. बहुतेकींच्या रक्तात संरक्षण निघालं, लहानपणी होऊन गेलेलं. ऋतुराज माझ्याबरोबर पत्ते शोधत फिरतोय. "लड़कियों का मामला" लिहिणारा तोच. काल लक्ष्मी गेटच्या गल्ल्यांत फिरताना मला म्हणाला, "मुझे भी गाँठें थीं, नीरजा. मैंने किसी को बताया नहीं." त्याच्या मोठ्या वहिनीला सातवा महिना आहे. तिची तपासणी झाली, ती सुखरूप आहे. मग पुढच्या घराची कडी त्यानेच वाजवली.

एक बाई मात्र सापडत नाही. कागदावर लक्ष्मी गेट लिहिलंय, घराला कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, माहेरी गेली. माहेर कुठे, कुणाला ठाऊक नाही. हिरवी साडी होती, पहिलटकरीण, पोट अजून दिसतही नव्हतं. मी हात ठेवला तेव्हा गुदगुल्या होतात म्हणून हसली होती. ते हसणं माझ्या तळहाताला लागून राहिलंय. ओपीडीत दाराचा पडदा हलला की वाटतं, तीच आली.

बाबा बोलत नाहीत. पण तुझं पत्र टेबलावर ठेवलं होतं, ते त्यांनी वाचलंय.

नीरजा


झाशी, २८ सप्टेंबर

ताई,

जीजाजींचा फोन आला तेव्हा मी घरीच होते. "मुलगी! दोघी छान आहेत." आई ऐकायलाच तयार नव्हती. "डोळे? डोळे बघितले का? कान?" असं ओरडत होती. डोळे स्वच्छ आहेत, कानांची तपासणी झाली, हृदयाचे ठोके बरोबर आहेत, हे जीजाजींनी तिला एकेक करून सांगितलं. मग तिने विचारलं, "आणि निवीला त्या लसीची सुई दिली का?" दवाखान्यातून सोडायच्या आधीच देणार आहेत, म्हटल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली.

कॉलेजात आता लसीचं शिबिर असतं. मुलंही येतात. श्रेया दाराशी उभी राहून एकेकाला विचारते, "तुम्हें पता है या मम्मी को पता है?" हसतात आणि बाही वर करतात. पण लक्ष्मी गेटची ती बाई आली नाही. आतापर्यंत ती बाळंत झाली असेल, कुठेतरी. मी नवं बाळ हातात घेतलं की आधी त्याच्या कानाजवळ टाळी वाजवते. पापणी हलेपर्यंत मधे जो क्षण जातो, तो मला अजूनही फार लांब वाटतो.

मंदारला बाळाचं कसं सांगावं आम्हाला कळेना. शेवटी आईने उशी त्याच्या हातांत दिली, छातीशी धरून डोलवली आणि तुझ्या वेण्यांची खूण केली. तो विचारात पडला. मग उशी खाली ठेवून हात पुढे पसरून बसला. खरं बाळ मागत होता.

त्याला आणि आईला मी पुढच्या महिन्यात परीक्षा झाली की घेऊन येईन. पण हे पत्र पोस्टाने येणार नाही. बाबा आणताहेत. परवा त्यांनी स्वतः स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं, कुणाला सांगितलं नाही. काल जेवताना म्हणाले, "नागपूरला जाऊन येतो. मला तिच्याशी बोलायचंय." आईने त्यांच्या पानात भात वाढला आणि वाढतच राहिली. सहा वर्षांत तुझा विषय त्यांच्या तोंडून निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. काय बोलणार ते मी विचारलं नाही. ते तुला माझ्याकडून आधीच कळलंय, पण त्यांच्या तोंडून तुला कधी ऐकायला मिळालेलं नाही.

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील. माफ कर असं तुला मी सांगणार नाही, तो तुझा प्रश्न आहे. एवढंच सांगते की बाबांना बोलायला वेळ लागतो. आधी घसा खाकरतील, मग ट्रेन किती उशिरा आली ते सांगतील, मग पाणी मागतील.

पाणी दे. आणि ते पिऊन होईपर्यंत थांब.

तुझी,
नीरजा